भिंतीवर लिहिणारं गाव

भिंतीवर लिहून जगाला कळवण्याची खोड नाशिकला कुठल्या अमेरिकन कंपनीनं लावलेली नाही. ती दोन हजार वर्षं जुनी आहे. खात्री करायची असेल तर पांडवलेणीच्या पायऱ्या चढा, वर पोचल्यावर धाप ओसरू द्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात शिरा. सातवाहनांची राजमाता गौतमी बलश्री हिनं तिथे आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, कौतुक दगडात कोरून ठेवलंय. मुलगा दिसायला पौर्णिमेचा चंद्र, शक-यवन-पल्हवांचा त्यानं निःपात केलेला, आणि एवढं करून आईच्या शब्दाबाहेर नाही! दहावीच्या निकालाच्या दिवशी कॉलेज रोडवरची कुठलीही आई मोबाइलवर लिहील तोच हा मजकूर. फरक इतकाच, की बलश्रीबाईंना खाली दोनशे जणांचं 'हार्दिक अभिनंदन' आलं नाही आणि नंतर वाईट वाटलं तरी मजकूर पुसायची सोय नव्हती.

तिथून दहाव्या लेण्यात या. तिथे क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात भेटतो. या गृहस्थानं तीन लाख गाई दान केल्या, वर्षभर लाख ब्राह्मणांना जेवू घातलं, नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, आणि हे सगळं केल्याचं स्वतःच भिंतीवर लिहून ठेवलं. सासऱ्याचं नाव घ्यायलाही विसरला नाही. सरकारी रुग्णालयात एका रुग्णाच्या हातात एक केळं ठेवून त्या केळ्याला आठ कार्यकर्त्यांनी हात लावलेला फोटो आपण दर वाढदिवसाला बघतो ना, त्याचं मूळ गोत्र हे.

फॉरवर्डसुद्धा आमचाच. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला नहपानाच्या तेरा हजारांवर चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या बहुतेक नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला छाप मारलेला आहे. खाली नहपानाचा चेहरा अर्धवट दिसतोय, वर नवा मालक. दुसऱ्यानं कष्टानं पाडलेलं नाणं घ्यायचं, मूळ नावावर आपलं नाव ठोकायचं आणि बाजारात सोडायचं. हल्ली फक्त चांदी लागत नाही.

तेव्हा कॉलेजातल्या वक्तृत्व स्पर्धेत 'नवमाध्यमे : शाप की वरदान' हा विषय निघाला, की मी मागच्या रांगेत बसून 'नव' या अक्षरांवरच अडतो. भिंत तीच आहे. पूर्वी पाथरवटाला मजुरी द्यावी लागायची म्हणून माणूस कोरण्याआधी दोनदा विचार करायचा, एवढंच.

आता आमच्या सोसायटीकडे या. इंदिरानगरातली चार मजली इमारत. तिचा एक ग्रुप आहे आणि त्याचं नाव 'फक्त कामाचे मेसेज' असं आहे. नियमही ठरले आहेत : राजकारण नको, धर्म नको, जाहिरात नको, गुड मॉर्निंग नको. हे नियम ज्या निवृत्त काकांनी लिहिले ते रोज पहाटे पाच वाजता सूर्योदय, कमळ आणि गरम चहा यांचं एकत्रित चित्र पाठवतात. विचारलं तर म्हणतात, "अहो, ते गुड मॉर्निंग नाही, सुप्रभात आहे." काका एकटे नाहीत. भारतातले फोन सकाळी सकाळी गळपटतात कशानं, हे शोधायला निघालेल्या गुगलच्या तज्ज्ञांना खाली फुलं आणि सूर्य सापडले, अशी बातमी २०१८ च्या सुरुवातीला 'वॉल स्ट्रीट जर्नल'नं छापली होती. एवढी मोठी कंपनी, पण कमळासमोर हतबल झाली.

या ग्रुपवर एका सकाळी मेसेज येतो, "लिफ्ट बंद आहे." कामाचाच मेसेज. त्यावर "कालपासून आहे" अशी माहितीची भर पडते. मग "मेन्टेनन्स कशाचा भरतो आम्ही?" मग तळमजल्यावरून, "आम्ही लिफ्ट वापरत नाही, तरी भरतो." मग "मागच्या कमिटीच्या काळात कधी बंद पडली नव्हती." मग "मागच्या कमिटीनं इतक्या वर्षांत केलं काय?" इथून पुढे लिफ्ट आपोआप मागे राहते आणि चर्चा दिल्लीच्या दिशेनं वर चढू लागते. नेहरू येतात. नेहरूंच्या मागोमाग एक पाकिस्तानी जनरल येतो. दोन वहिनी हात जोडलेली चित्रं टाकतात. तिसऱ्या मजल्यावरचे एक जण "अशा ग्रुपमध्ये राहण्यात अर्थ नाही" असं लिहून बाहेर पडतात आणि दुपारी त्यांना पुन्हा आत घेतलं जातं, कारण पाण्याच्या टँकरचा हिशोब त्यांच्याकडे असतो. तोवर लिफ्टवाला येऊन दुरुस्ती करून गेलेलाही असतो. संध्याकाळी मंडळी त्याच लिफ्टनं वर जाताना माना मोबाइलमध्ये घालून लिफ्ट का बंद आहे यावर भांडत असतात. अभिव्यक्तीला दळणवळणाची अशी साथ पूर्वी मिळत नव्हती, हे मान्य करावंच लागेल.

सर्वांत केविलवाणा प्राणी म्हणजे अ‍ॅडमिन, म्हणजे आमचे सेक्रेटरी. सणवार आले, निवडणूक आली, की पोलिसांच्या सूचना फिरू लागतात : आक्षेपार्ह मजकुराला अ‍ॅडमिन जबाबदार. की लगेच हे ग्रुपला कुलूप घालतात, फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकेल असं. ते दोन दिवस इमारतीत इतकी शांतता असते, की कुणाच्या घरी कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते मोजता येतं. वास्तविक मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्येच सांगितलंय, की सदस्यानं टाकलेल्या मजकुराची जबाबदारी, आधी संगनमत नसेल तर, अ‍ॅडमिनवर येत नाही; त्याच्या हाती फक्त माणसं घेणं आणि काढणं एवढंच असतं. आमच्या सेक्रेटरींनी ही बातमी मोठ्या आनंदानं ग्रुपवर टाकली. पहिलं उत्तर आलं, "ही बातमी खोटी आहे. आधी खात्री करत जा."

या सगळ्याच्या आधी माणसं बोलत नव्हती असं नाही. जुन्या नाशकात प्रत्येक पेठेत एक पत्रलेखक असे. म्हणजे लेखक नव्हे. 'गावकरी', 'देशदूत'मधल्या वाचकांच्या पत्रांत ज्यांचं नाव हमखास दिसे ते. आमच्या भागातले असे एक मास्तर पोस्टकार्डावर मुंगीच्या अक्षरात रविवार कारंजावरच्या वाहतुकीपासून इस्रायलपर्यंत सगळं बसवत. शेवट ठरलेला : 'संबंधितांनी लक्ष घालावे.' कार्ड टाकायचं, आठ दिवस वाट बघायची आणि छापून आलं की सार्वजनिक वाचनालयात जाऊन वाचायचं. हे वाचनालय १८४० सालचं. मास्तर त्या मानानं नवे होते. छापून आलेलं पत्र पाठवलेल्याच्या निम्मं असे. मास्तर टेबलावर मूठ आपटून म्हणत, "मटण काढून घेतलं आणि रस्सा वाढला!" समोर 'शांतता राखा'ची पाटी, म्हणून हेही हळू आवाजात.

तेच मास्तर आज ऐंशीच्या पुढे आहेत आणि मोबाइलवर आहेत. आता त्यांचं कुणी कापत नाही. चौदा परिच्छेद येतात, त्यांतले सहा एकच असतात, इस्रायल पहिल्या ओळीतच येतं आणि रविवार कारंजा येतच नाही. त्या वर्तमानपत्रात कात्री घेऊन बसणारा अनाम उपसंपादक आमच्या शहरावर केवढे उपकार करत होता, हे तो निवृत्त झाल्यावर कळलं.

ऐकून घेण्याचंही एक वळण होतं. गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणात मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला भरते. शंभरी ओलांडली तिनं. तिथे वक्त्याचं पटलं नाही तर माणूस शेजाऱ्याकडे बघून ओठ मुडपायचा, फार तर उठून भेळ खायला जायचा. तासभर दुसऱ्याचं न पटणारं बोलणं बसून ऐकायचं आणि शेवटी आभारप्रदर्शनालाही थांबायचं, ही गोष्ट आजच्या मुलांना सांगितली तर त्यांना ती तुरुंगातली शिक्षा वाटेल.

शिक्षेचं निघालंच म्हणून सांगतो. आपण ज्या सुखानं लिफ्टवरून नेहरूंवर जातो ते सुख या गावात फुकट आलेलं नाही. १९०९ साली कवितांची एक छोटी पुस्तिका छापल्याबद्दल नाशिकच्या बाबाराव सावरकरांना जन्मठेप झाली, काळ्या पाण्याची. कविता छापल्याबद्दल! आज आमच्या ग्रुपवर स्वरचित कविता टाकणाऱ्यांना फार तर अंगठा मिळतो, आणि काही कविता वाचून मला सरकारचं चुकलं ते फक्त कवी निवडण्यात, असं वाटतं.

पण इंग्रज गेले म्हणून प्रश्न सुटला असं समजू नका. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेल्यावर मुंबई बंद झाली, त्याबद्दल पालघरच्या एका मुलीनं फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. तिला अटक झाली. तिच्या मैत्रिणीलाही झाली, कारण तिनं त्या ओळींना 'लाइक' केलं होतं. लग्नाच्या फोटोंना न बघता पन्नास लाइक देणाऱ्या आपल्या आत्या-मावश्या या हिशोबानं किती वर्षं आत जातील, याचा विचार करून मी तेव्हा हादरलो होतो. पुढे या प्रकरणातून निघालेली याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ ला माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६-अ हे कलमच रद्द झालं. एका अंगठ्यानं एक कलम पाडलं. वकिलांना विचारा, मोठमोठ्या मोर्चांना एवढं जमत नाही.

कलम गेलं, हौस गेली नाही. मे २०२२ मध्ये आमच्याच जिल्ह्यात, दिंडोरीत, औषधनिर्माणशास्त्राच्या एका विद्यार्थ्याला एका ट्वीटवरून पकडलं. ते शरद पवारांबद्दल आहे असं समजलं गेलं. ट्वीटमध्ये नाव कुणाचंच नव्हतं. पोरगं महिनाभर आत. जूनमध्ये उच्च न्यायालयानं विचारलं, की रोज शेकडो ट्वीट पडतात, प्रत्येकाची दखल घेणार का? आणि अशा अटकेनं त्या मोठ्या नेत्याच्याच नावाला कमीपणा येतो, असंही सुनावलं. ठाकरे असोत, पवार असोत, की दिल्लीतले कुणी असोत. नेत्यांची कातडी पातळ असते असं आपण उगाच म्हणतो. नेते सहन करतात. त्यांचे कार्यकर्ते मात्र पातळ कातडीचे.

ऑफलाइन बोलणाऱ्यांची तरी सोय आहे का? डिसेंबर २०२१ मध्ये आडगावला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, चौऱ्याण्णवावं. तिथे संपादक गिरीश कुबेर यांच्यावर त्यांच्या पुस्तकावरून शाई फेकली गेली. शाई कागदावर न वापरता माणसावर वापरायची, तीही साहित्याच्या मांडवात! त्या मानानं समाजमाध्यमांवरच्या शिव्या बऱ्या, कपडे धुवावे लागत नाहीत.

आता थोडं तिखट. मिसळ. काळ्या मसाल्याचा रस्सा, पापड, दही, पाव आणि घाम. नाशिकच्या माणसाला पूर्वी मिसळीबद्दल एकच मत असे : मी जिथे खातो ती खरी, बाकीच्या मटकीच्या उसळी. हे मत तो घरात, कट्ट्यावर आणि सासुरवाडीत मांडत असे. आता ते ताऱ्यांत मांडावं लागतं. लोक पाचपैकी एक तारा देतात आणि कारण लिहितात : 'मिसळ तिखट होती.' दुसरा लिहितो : 'चव उत्तम, पण पार्किंग नाही.' म्हणजे मिसळीचा दोष असा, की तिनं येताना जागा आणली नाही. रविवारी सकाळी गंगापूर रोडच्या बाजूला मळ्यातल्या मिसळीला जा. टेबलावर रस्सा थंड होत असतो आणि चार जण खुर्चीवर उभे राहून वरून त्याचं चित्रण करत असतात. पहिला घास मोबाइलला. मालकही आता कढईपेक्षा कॅमेऱ्याकडे तोंड करून तर्री ओततो. रस्सा सुधारला का? नाही. पण दिव्यांची सोय फार सुधारली आहे.

आणि आमचे तात्यासाहेब! टिळकवाडीत राहिलेल्या कुसुमाग्रजांचं निधन १० मार्च १९९९ ला झालं. त्यानंतर त्यांनी जेवढं लिहिलंय तेवढं हयातीत लिहिलं नसेल. मैत्रीवर, चहावर, सुनेनं सासूशी कसं वागावं यावर, गुडघेदुखीवर. २७ फेब्रुवारीला तर त्यांची प्रतिभा दर दहा मिनिटांनी बहरते, प्रत्येक ओळीत शुद्धलेखनाच्या दोन चुकांसह. पु. ल. देशपांड्यांचंही तेच, त्यांच्या नावावरच्या विनोदांना खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची माळ जोडावी लागते, यावरूनच ते त्यांचे नाहीत हे कळावं. एकदा मी ग्रुपवर नम्रपणे लिहिलं, की ही कविता कुसुमाग्रजांची नाही. उत्तर आलं, "कुणाची का असेना, भावना बघा." भावनेपुढे ज्ञानपीठही हरतं.

पावसाळ्यात तर विचारू नका. गोदावरीचा पूर मोजायला नाशिककडे पूर्वीपासून दुतोंड्या मारुती आहे. रामकुंडाजवळ नदीपात्रातच उभा. गुडघ्याला पाणी लागलं तर बघायला जायचं, कमरेला लागलं तर भांडीबाजारानं माल वर उचलायचा, छातीला लागलं तर सराफांनी. नारोशंकराच्या घंटेला लागलं तर महापूर. या बातमीदाराला दोन तोंडं असूनही त्यानं आजवर एकही अफवा पसरवलेली नाही. आता गंगापूर धरणाचा विसर्ग सुरू झाला, की घाटाकडे जायच्या आधीच मोबाइलवर २०१९ च्या ऑगस्टमधला पूर येतो. दर वर्षी तोच. पाणी तेच, वाहून जाणारी टपरीही तीच, वर फक्त 'आत्ताची परिस्थिती' असं लिहिलेलं. ज्यानं आयुष्यात बादलीसुद्धा मोजली नाही तो आता क्युसेकमध्ये बोलतो. नदीपासून कोसभर दूर, चौथ्या मजल्यावर राहणारे काका "सुरक्षित राहा" असं लिहितात आणि पुण्याची मुलगी घाबरून फोन करते.

इथवर हसून झालं. पण १ जुलै २०१८ हसण्याची तारीख नाही. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज तेव्हा गावोगाव फिरत होते. शेजारच्या धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला आठवडी बाजारात आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. भिक्षा मागून जगणारी माणसं होती ती. त्याच रात्री मालेगावात जमावाच्या तावडीत सापडलेल्या पाच जणांना पोलिसांनी जिवावर उदार होऊन वाचवलं, त्यांत दोन वर्षांचं मूल होतं. मुलं पळवणारे म्हणून ज्यांना घेरलं त्यांच्याच कडेवर मूल. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. अफवा आधीही होत्या. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो ही बातमी देशभर पोचायला साधा टेलिफोन पुरला होता. पण त्यात दूध सांडलं होतं.

मग बोलायची ही सोय मिळून काही भलं झालं की नाही? झालं. आमचं नाही, ते वेगळं.

१९२० साली बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' काढला, तेव्हा पैसे मोजायची तयारी असूनही 'केसरी'नं त्याची जाहिरात छापली नाही, हे बाबासाहेबांनीच पुढे लिहून ठेवलंय. जाहिरात, लेख नव्हे! दहा वर्षांनी, २ मार्च १९३० ला, याच नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि वर्षानुवर्षं चालला. ज्यांच्यासाठी देवळाचं दार बंद होतं, त्यांच्यासाठी छापखान्याचंही बहुतेक बंदच होतं. उपसंपादकाच्या कात्रीचं मी वर एवढं कौतुक केलं, पण ही कात्री मास्तरांचं पत्र निम्मं करत होती आणि कित्येकांचं पत्र आतच येऊ देत नव्हती. मास्तरांना निदान कापून घ्यायला काहीतरी मिळालं.

६ मार्च २०१८ ला नाशिकहून किसान सभेचा लाँग मार्च निघाला. पेठ, सुरगाणा, कळवण, दिंडोरीकडचे आदिवासी शेतकरी, लाल टोप्या, लाल बावटे, सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबई. पहिले दोन दिवस मोठ्या वाहिन्यांना त्यात विशेष काही दिसलं नाही; कसारा घाटात मोबाइल सिग्नल नसतो, तशी त्यांची नजरही नसावी. मग लोकांच्या मोबाइलवर पावलांचे फोटो आले. चपला झिजून सोललेले, भेगाळलेले तळवे. ते फोटो कुणी कुठे धाडले हे सांगता येणार नाही, पण मुंबईकर पाणी, बिस्किटं आणि चपला घेऊन रस्त्यावर उतरले. दहावीच्या पोरांना परीक्षेला जायला अडचण नको म्हणून मोर्चा रात्रीतून चालत आझाद मैदानात पोचला. त्या तळव्यांना एकही ओळ लिहावी लागली नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला साडेसात क्विंटल कांद्याचे १,०६४ रुपये हाती आले. त्यानं ते पंतप्रधानांना मनिऑर्डरनं पाठवले, वर ५४ रुपये पदरचे घालून. बातमी देशभर गेली. काही दिवसांनी मनिऑर्डर परत आली. कळवण्यात आलं, की पैसे ऑनलाइन पाठवावेत. आमच्या विनोदी लेखकांच्या धंद्यावर सरकारी खात्यांनी असं अतिक्रमण करू नये, एवढीच तक्रार.

आता कांदा उत्पादकांच्या ग्रुपवर सकाळी लिलाव सुरू झाला, की लासलगाव, पिंपळगाव, येवल्याचे भाव पडतात. पूर्वी ट्रॅक्टर बाजार समितीच्या आवारात नेऊन उभा केल्यावर भाव कळे, तेव्हा परत फिरायचं डिझेलही उरलेलं नसे. भाव कळल्यानं भाव वाढत नाही. पण कुठे फसवलं जाणार हे घरून निघताना कळणं, ही सुधारणाच म्हणायची. द्राक्षवाला अवकाळी पावसाचा अंदाज बघून रात्री फवारणीला उठतो. हे मेसेज दोन ओळींचे असतात, त्यांत कमळ नसतं आणि खाली नेहरूही येत नाहीत.

माझं मत असं झालंय, की ज्यांना आधीपासूनच ओटा, कट्टा, पेपर आणि व्याख्यानमाला होती, त्या आमच्यासारख्यांना नव्या माध्यमानं फक्त आणखी एक ओटा दिला, आणि त्यावर बसून आम्ही काय केलं ते लिफ्टच्या निमित्तानं सांगून झालंय. ज्यांना ओट्याखाली उभं केलं होतं, त्यांना पहिल्यांदा वर बसायला जागा मिळाली. आमची डोकेदुखी ही त्यांच्या जागेची किंमत असेल तर ती द्यावी. काकांची कमळंही सोसावीत.

तपोवनाचं ताजं आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी तपोवनातली शेकडो झाडं काढण्याचा महापालिकेचा प्रस्ताव पुढे आला. शहराचे मोबाइल पेटले. आमचा ग्रुप तर नियम-बियम विसरून रात्री दोनपर्यंत जागा होता. झाडांना मिठी मारलेली चित्रं, रडणारी पृथ्वी, कुसुमाग्रजांची (अर्थात) वृक्षावरची कविता. एका भाऊंनी विचारलं, "साधू राहणार कुठे?" तर त्यांना सावली न घेण्याची शपथ घालण्यात आली. वहिनींनी 'झाडे लावा'चं चित्र टाकलं, ते त्यांनी लिफ्टच्या भांडणातही टाकलं होतं. ही सगळी ओरड वाया गेली नाही, हे सांगितलं पाहिजे. नोटिशीकडे एरवी कुणी ढुंकून बघत नाही, या वेळी शेकड्यांनी हरकती दाखल झाल्या, लोक प्रत्यक्ष तपोवनात जाऊन उभे राहिले.

आमच्या सेक्रेटरींनीही हरकतीचा कागद तयार करून ग्रुपवर लिहिलं, "सही करायला संध्याकाळी सात वाजता खाली या." त्याला अंगठे इतके आले, की मोबाइल थरथरत होता. सातला खाली आल्या त्या तळमजल्यावरच्या आजी, ज्या ग्रुपवर आजवर एक अक्षर बोललेल्या नाहीत, आणि दूध घालणारा भाऊ, जो ग्रुपमध्येच नाही. बाकीचे वर बसून झाडं वाचवत होते. तेव्हा वाचकहो, हा लेख आवडला तर जरूर सर्व ग्रुपवर पाठवा, कुसुमाग्रजांच्या नावानं पाठवलात तरी माझी हरकत नाही. पण कुणी सहीला खाली बोलावलं तर लिफ्ट चालू असो नसो, खाली या. महापालिकेत अंगठा चालतो तो शाईचा.